चूकसुद्धा सारखीच!



बऱ्याच दिवसांनी लिहितेय. गुडघ्याने छळलं होतं, आता बरा आहे. आज विषय साडीचा आहे, पण पुरुष मंडळींनी लगेच पान बंद करू नये. साडी विकत घेण्याची वेळ तुमच्यावरही येतेच की! आणि सुरुवातीलाच सांगते, हे सूनबाईला विचारून लिहितेय. तिच्या माहेरचेही इथे वाचतात ना.

माझ्या पंचाहत्तरीला सूनबाईने मला साडी दिली. ‘हाताने रंगवलेली कलमकारी’ असं वर्णन वाचून तिने इंटरनेटवरून मागवली होती. किंमत तिने सांगितली नाही, मीच नंतर तिच्याकडून काढून घेतली. सहा हजार आठशे. साडी सुरेख होती. मातकट लाल जमीन, काठाला वेल आणि पदरावर मोर. मी घडी उलगडली, मोर बघितले आणि गप्प बसले.

पदरावर नऊ मोर होते. पहिल्या मोराच्या तिसऱ्या पिसाशी एक जास्तीचा ठिपका पडला होता. आता हाताने काम करताना ठिपका पडणारच, त्यात काय! पण दुसऱ्या मोराच्या तिसऱ्या पिसाशीही तोच ठिपका. तिसऱ्याच्याही. नवव्यापर्यंत. अडतीस वर्षं उत्तरपत्रिका तपासल्या आहेत हो मी. दोन मुलांचं बरोबर उत्तर सारखं आलं तर शिक्षक काही बोलू शकत नाही. पण चूकसुद्धा सारखीच आली, की कॉपी!

मला हे कळलं त्याला आणखी एक कारण आहे. १९९६ च्या मे महिन्यात आम्ही शाळेतल्या पाचजणी तिरुपतीला गेलो होतो. तिथून श्रीकाळहस्ती साधारण चाळीस किलोमीटर. देवदर्शन झाल्यावर एका कारागिराच्या घरी गेलो, तर दारातच आंबूस, दुधाळ वास. आधी कळेना कसला. मग समजलं, की कापड हिरड्याच्या पाण्यात आणि म्हशीच्या दुधात भिजवून वाळवतात. हिरड्याने काळा रंग धरतो आणि दुधातल्या स्निग्धपणामुळे तो कापडावर फुटत नाही. कलम म्हणजे बांबूची टोकदार काडी, तिच्यावर लोकर किंवा दोरा गुंडाळलेला. तो रंगात बुडवायचा आणि बोटांनी हलकेच दाबत रेघ ओढायची. दाब कमीजास्त झाला, की रेघ जाड-बारीक होते. काळा रंग गंजलेलं लोखंड आणि गूळ पाण्यात बरेच दिवस कुजवून करतात. लाल हवा तिथे तुरटीचं पाणी लावतात आणि मग कापड मुळांच्या रंगात उकळतात. तुरटी लावली तिथेच लाल चढतो. मध्ये मध्ये कितीदा तरी धुणं, वाळवणं. एकेका साडीला आठवडे लागतात.

तिथे मी एक सुती साडी घेतली. साडेअकराशे रुपयांना. तेव्हा ते मला फार वाटले होते.

वर्षभरातच एका मुंजीत तिच्यावर आमटी सांडली. मी घरी येऊन शहाणपणाने डागावर लिंबू चोळलं. हळद थोडी फिकी झाली, पण शेजारच्या हत्तीची सोंड गेली! काळी रेघ पार विटून तपकिरी झाली. नंतर लक्षात आलं, की लोखंडाचा आणि हिरड्याचा तो काळा म्हणजे जुन्या काळच्या शाईचाच भाऊ. आमच्या लहानपणी कपड्यावरचा शाईचा डाग लिंबानेच काढायचे. इतकी वर्षं शाईशी संबंध असून मला ते सुचलं नाही. बिनसोंडेचा हत्ती अजून माझ्याकडे आहे. म्हणून सांगते, अशा साडीला लिंबू, चिंच, व्हिनेगर काही लावू नका. गार पाण्यात रिठ्याने वेगळी धुवा, उलटी करून सावलीत वाळवा, इस्त्रीही उलट्या बाजूने. ठेवताना जुन्या मऊ धोतरात गुंडाळा आणि चार-सहा महिन्यांनी घडी बदला. डांबरगोळ्या साडीला टेकू देऊ नका.

असो. मी काय सांगत होते? आठ दिवस मी काही बोलले नाही. साडी नेसून देवळात जाऊन आले, फोटोही काढले. मग सूनबाईच म्हणाली, “आई, खरं सांगा, आवडली नाही ना?” मी तिला मोर दाखवले. उलट बाजूही दाखवली, तिथे कापड जवळजवळ पांढरं होतं. हाताने काढलेल्या सुती साडीत रंग मागे बऱ्यापैकी उतरलेला दिसतो. तिचा चेहरा असा पडला, की मला वाटलं, कशाला बोलले!

तिने दुकानदाराला लिहिलं. उत्तर आलं, की ही ‘हँडपेंटेड शैलीची’ साडी आहे, नको असल्यास परत पाठवा. शैलीची! म्हणजे मुलाने सांगायचं, मी अभ्यास केला नाही, पण अभ्यासाच्या शैलीत बसलो होतो.

माझं भांडण छापील साडीशी नाही. मछलीपट्टणमकडे लाकडी ठशांनी छापतात, त्यालाही कलमकारीच म्हणतात आणि तेही हाताचंच काम आहे. यंत्रावरची छापील साडीही रोजच्या वापराला उत्तम. हजार रुपयांत मिळते, मशीनमध्ये टाकता येते. छापील आहे म्हणा आणि छापिलाच्या किमतीत विका. पण महिनाभर वाकून रेघा ओढणाऱ्याचं नाव लावून त्याचं गिऱ्हाईक पळवायचं, ही चोरी आहे. आणि त्यात लाज कोणाला वाटली? विकणाऱ्याला नाही. हौसेने देणाऱ्या माझ्या सुनेला! माझा राग त्याचा आहे.

आपणही थोडं बघायला शिकलं पाहिजे. पैठणी घेताना आपण पदर उलटा करून बघतोच ना? मग इथेही बघा. एकाच आकाराच्या दोन आकृत्या शेजारी धरा. रेघ सगळीकडे एकसारखी जाड असेल तर शंका घ्या. दुकानदाराला सरळ विचारा, पेनने की ठशाने की यंत्राने, आणि बिलावर लिहून मागा. लिहायला काचकूच करू लागला की समजायचं.

नेसण्याबद्दल एकच. खरी कलमकारी असली तर ब्लाउज साधा, एकरंगी घाला आणि पदर मोकळा सोडा. एवढी चित्रं काढायची आणि पिना लावून चुण्यांत कोंबायची, हे मला पटत नाही. माझ्या मुलीला पटतं. तिला ऑफिसला लोकलने जावं लागतं, तेही खरंच.

साडी आम्ही परत केली नाही. मीच नको म्हटलं. अंगाला मऊ आहे, भाजी आणायला जाताना नेसते. मार्चमध्ये तिरुपतीला जायचं ठरतंय. सूनबाई म्हणते, श्रीकाळहस्तीला एक दिवस जास्त ठेवू. नातवाचं भिंग मी आत्ताच पर्समध्ये टाकून ठेवलंय.