घर आपले, पण भुई कोणाची?

बांद्याच्या परिसरातील आपले कित्येक तरुण रोज सकाळी पत्रादेवीची सीमा ओलांडून गोव्यात कामाला जातात आणि रात्री परत येतात. गळक्या घराच्या जागी चिऱ्याचे पक्के घर उभे करावे, ही त्यांची इच्छा असते. ज्या समाजाला पिढ्यानुपिढ्या गावकुसाबाहेर ठेवण्यात आले, त्याने हक्काच्या छपराची आस धरावी हे रास्तच आहे. परंतु पगाराचा दाखला पाहून झाल्यावर बँक जमिनीचा कागद मागते आणि तेथेच गाडे अडते.

घरपट्टीची पावती व ग्रामपंचायतीचा नमुना ८ म्हणजे मालकी, अशी आपल्यापैकी अनेकांची समजूत आहे. वास्तविक तो कर-आकारणीचा कागद होय. सातबारा काढावा तर त्यावर पणजोबांच्या काळापासूनचे सामाईक हिस्सेदार. त्यांतील काही मुंबईस, काही दिवंगत. कित्येकांच्या घराखालची भुई तर भलत्याच खातेदाराच्या नावे असते. गावठाणातील घरांना मालमत्ता पत्रक देणारी स्वामित्व योजना २०२० साली सुरू झाली; पण कोकणातील वस्ती वाड्यावाड्यांनी विखुरलेली. गावठाणाबाहेरच्या घराला तिचा काय उपयोग? अनुसूचित जाती व नवबौद्धांसाठी असलेल्या रमाई आवास योजनेचे घरकुलही शेवटी जागेवरच उभे राहावयाचे!

बाबासाहेबांनी १७ सप्टेंबर १९३७ रोजी मुंबईच्या विधिमंडळात खोतीविरोधी विधेयक मांडले, ते याच मुळावर घाव घालण्यासाठी. खोती नष्ट करणारा कायदा १९४९ साली झाला. बांदा त्या काळी सावंतवाडी संस्थानात होते. तथापि धडा सर्वांना एकच आहे. ज्याच्या पायाखालची जमीन दुसऱ्याच्या नावावर, त्याची मान सदैव दुसऱ्याच्या मुठीत.

आता कर्जाचा हिशेब पाहू. १० लाख रुपये ९ टक्के व्याजाने २० वर्षांसाठी घेतले, तर मासिक हप्ता सुमारे ९,००० रुपये पडतो. पहिल्या हप्त्यातील ७,५०० रुपये व्याजातच जातात. मुद्दल फिटते जेमतेम दीड हजार. अखेरीस भरणा होतो साडेएकवीस लाखांहून अधिक. हप्ते तीन महिने थकले की खाते अनुत्पादक ठरते. त्यानंतर ६० दिवसांची नोटीस देऊन, दिवाणी दावा न लावता, तारण घर ताब्यात घेण्याचा अधिकार २००२ च्या कायद्याने बँकांना दिला आहे. आणि कागद नाही म्हणून जो सावकाराकडे वळतो, त्याची गत याहून वाईट होते.

म्हणून कर्ज काढूच नये काय? तसे आमचे म्हणणे नाही. भगवान बुद्धांनी अनाथपिंडिकाला गृहस्थाची चार सुखे सांगितली. त्यांत अनण सुख, म्हणजे ऋणमुक्तीचे सुख, एक आहे. त्याचबरोबर कष्टाने मिळविलेले धन आपले असणे हेही त्यांनी सुखातच गणले. ज्या घरात ही दोन्ही सुखे नाहीत, ते घर कितीही पक्के असो, आपले म्हणता येणार नाही.

यास्तव बंधुभगिनींनो, विटा-सिमेंटाचा भाव विचारण्यापूर्वी सातबारा काढा. घरातील माणूस वारल्यास तीन महिन्यांत वारस नोंदीची वर्दी द्या; वर्षानुवर्षे राहिलेल्या नोंदीही आता करून घ्या. सहहिस्सेदार गणपतीला किंवा मे महिन्यात गावी येतात, तेव्हा त्यांची संमती घ्या आणि महसूल संहितेच्या कलम ८५ नुसार वाटपाचा अर्ज तहसीलदारांकडे करा. घर पतिपत्नी दोघांच्याही नावे लावा. एकट्याचा अर्ज कचेरीत धूळ खात पडतो. सबंध वाडीचा अर्ज सहसा दडपता येत नाही.

शासनाकडेही आमची स्पष्ट मागणी आहे. गावठाणाबाहेरच्या वाड्यांची मोजणी करून घराखालची भुई राहणाऱ्यांच्या नावे करावी. घरकुलाच्या पाट्या लावून हे कर्तव्य पुरे होत नाही. आधी भुई, मग भिंत, आणि कर्ज झेपेल तेवढेच!