बाणाचे पाते : पक्के की उघडणारे?

भारतात धनुष्यबाण घेऊन हरणामागे जाणे हा 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे आणि तो तसाच राहावा, असे माझे मत आहे. तेव्हा हा लेख इथल्या कुणाला रानात पाठवण्यासाठी नाही. पण आपली कितीतरी मुले आज अमेरिकेत आहेत. तिथे ऑक्टोबर आला की सोबतचे लोक परवाना काढून हरणाच्या शिकारीला जातात आणि हिवाळाभर पुरेल इतके मांस घरी आणतात. पेनसिल्व्हेनियात नोकरीला असलेल्या माझ्या भाच्याने यंदा धनुष्य घेतले. फोनवर त्याने दोन प्रश्न विचारले. "मामू, बाणाला पाते कुठले लावू? आणि कुठल्या पात्याची शिकार हलाल?" त्याला हे दोन वेगळे प्रश्न वाटत होते. मला ते फारसे वेगळे वाटत नाहीत.

आधी वस्तू समजून घेऊ. शिकारीच्या बाणाच्या टोकाला जे धारदार पाते असते त्याला तिकडे ब्रॉडहेड म्हणतात. (उर्दूत यालाच पैकान म्हणतात, आपल्या गझलांत तो शतकानुशतके आशिकाच्या काळजात घुसतो आहे, हरणाच्या क्वचितच.) त्याचे दोन प्रकार. फिक्स्ड म्हणजे पक्के, ज्याची पाती कायम उघडी असतात. मेकॅनिकल म्हणजे उघडणारे, ज्याची पाती उडताना मिटलेली असतात आणि जनावरावर आदळताच छत्रीसारखी फाकतात. वजन दोन्हींचे साधारण सारखेच, 100 ग्रेन म्हणजे साडेसहा ग्रॅमच्या आसपास. फरक रुंदीत. पक्के पाते बहुधा एक-सव्वा इंच कापते, उघडणारे दीड-दोन इंच.

बंदुकीची गोळी धक्क्याने मारते, बाण तसा मारत नाही. बाण कापतो. फुप्फुसे आणि मोठ्या रक्तवाहिन्या कापल्या गेल्या की रक्त वाहते आणि जनावर काही सेकंदांत कोसळते. म्हणून जखम रुंद हवी, खोलही हवी, आणि बाण आरपार गेला तर उत्तम, कारण मग जमिनीवर रक्ताचा माग पडतो. रुंदी आणि खोली यांची ओढाताण हाच या सगळ्या वादाचा गाभा. उघडणाऱ्या पात्याला फाकण्यासाठी बाणाचा थोडा जोर खर्च करावा लागतो आणि रुंद जखम कापायला आणखी थोडा. धनुष्यात जोर भरपूर असेल तर हे परवडते. नसेल तर बाण अर्ध्यात अडकतो.

आता शरीयतकडे. अदी बिन हातिम (रजि.) यांनी रसूलुल्लाह (स.) यांना मिअराज, म्हणजे टोकदार काठीसारख्या बाणाच्या शिकारीबद्दल विचारले होते. बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही हदीससंग्रहांत ते आहे. उत्तराचा आशय असा की धार लागून, भेदून मेले तर खा. काठीच्या आडव्या माराने मेले तर खाऊ नका, कारण ते मौकूजा, म्हणजे ठोकून मारलेले. या कसोटीवर दोन्ही पाती उतरतात, कारण दोन्ही कापतात. उघडणारे पाते एखादे वेळी उघडलेच नाही तरी त्याचे टोक भेदतेच. बिस्मिल्लाह बाण सोडताना म्हणायचे, आणि जनावर जिवंत सापडले तर सुरीने जिबह करायचे. इथपर्यंत दुकानातला कुठलाही डबा उचलला तरी चालेल.

पण त्याच रिवायतींत पुढची गोष्ट आहे. शिकार एक-दोन दिवसांनी सापडली आणि तिच्यावर फक्त तुमच्याच बाणाची खूण असेल तर खा. पाण्यात पडलेली सापडली तर नको, कारण ती बाणाने मेली की बुडून, हे कळत नाही. म्हणजे जनावर पडले कुठे, कधी आणि कशाने हे शिकाऱ्याला ठाऊक असणे गरजेचे. जखमी होऊन झाडीत नाहीसे झालेले हरीण कुणाच्याच ताटात येत नाही. ते नुसते तडफडते. आणि जिबह करताना सुरीला धार लावा, जनावराला आराम द्या, ही शिकवण फक्त कसायाच्या दुकानापुरती आहे असे मला वाटत नाही.

हरवलेल्या हरणांचा हिशेब मेरिलँड राज्यातल्या इंडियन हेड इथल्या नौदल तळावर अनेक वर्षे ठेवला गेला. तिथल्या नोंदींप्रमाणे पक्क्या पात्याने टिपलेल्या हरणांपैकी सुमारे 82 टक्के हाती लागली, उघडणाऱ्या पात्याची सुमारे 91 टक्के. म्हणजे शंभरात अठरा विरुद्ध नऊ. फरक लहान नाही. उघडणाऱ्या पात्याचे समर्थक हे आकडे पुढे करतात आणि त्यात खोटे काही नाही.

तरीही मी भाच्याला पक्केच पाते सांगितले. त्या तळावर शिकार करणाऱ्याला प्रशिक्षण घ्यावे लागे आणि दरवर्षी नेमबाजीची परीक्षा द्यावी लागे. शिवाय तिथली हरणे पांढऱ्या शेपटीची, म्हणजे एल्कसारखी दांडगी नव्हेत. ते 91 टक्के अशा हातांचे आहेत. बाजार मात्र हेच पाते नवशिक्याला विकतो, "सरावाच्या टोकासारखेच सरळ जाते" असे सांगून. ते खरेही आहे. मिटलेल्या पात्यांना वारा धरत नाही. पक्क्या पात्याचे मात्र पंख होतात. धनुष्याची जुळणी जरा बिघडलेली असली, हात जरा वळला, की बाण सरावाच्या जागेपासून वीतभर बाजूला जातो. नवशिक्याला हा दोष वाटतो. शिक्षक म्हणून मला तो गुण वाटतो. चूक घरामागच्या फोमच्या निशाण्यावर दिसते, हरणाच्या पोटात नाही.

दुसरे कारण जोराचे. भाच्याचे धनुष्य 45 पौंड ओढीचे आहे. पेनसिल्व्हेनियात कायद्याने 35 पौंड पुरतात आणि पात्याची किमान रुंदी 7/8 इंच लागते, त्यामुळे नियमात तो बसतो. पण 45 पौंडांवर दोन इंची पाते लावणे म्हणजे स्कूटरला ट्रॉली जोडणे. बाण खांद्याच्या हाडावर गेला तर काय होते याचा ध्यास डॉ. एड अ‍ॅशबी यांनी घेतला. 1980 च्या दशकात दक्षिण आफ्रिकेच्या नाताळमध्ये त्यांनी जनावरांवर बाणांच्या चाचण्या केल्या. जड बाण आणि मजबूत पक्के पाते हा त्यांचा आग्रह. त्यांचे सगळेच हरणाला लागू करावे असे नाही, तिथे म्हशीएवढी जनावरेही होती. पण कमी जोराच्या धनुष्याला तो सल्ला नेमका बसतो.

उद्या तो 60-65 पौंडांवर गेला, वीस यार्डांवर सगळे बाण बशीएवढ्या जागेत बसू लागले, तर पाती मागून सरकत उघडणारे मेकॅनिकल त्याने खुशाल घ्यावे. तिरप्या नेमात पुढून उलटणारी पाती अंगावर अडकून बाण वळवू शकतात, म्हणून ती टाळावीत. पात्यांना धरून ठेवणारी रबरी कडी किंवा कॉलर दर हंगामाला नवी घालावी.

यंदासाठी त्याला इतकेच लिहून पाठवले : तीन पात्यांचे पक्के ब्रॉडहेड, सव्वा इंचाच्या आतले. ज्या पात्याने शिकार करणार त्याच बनावटीच्या एकाने महिनाभर सराव, मग रानासाठी कोरी धार. वीस यार्डांपलीकडे बाण सोडायचा नाही. बाण लागल्यावर अर्धा तास जागचे हलायचे नाही, पोटात लागल्याची शंका आली तर कित्येक तास. आणि सुरी गाडीत नाही, कमरेला.