अकरावीच्या जागा आणि सभागृह नसलेले शहर

चंडीगडच्या कॅपिटल कॉम्प्लेक्समध्ये दोन राज्यांचे सचिवालय आहे, दोन राज्यांच्या विधानसभा एकाच इमारतीत भरतात आणि पंजाब, हरियाणा व खुद्द चंडीगड या तिघांचे मिळून एकच उच्च न्यायालय तेथे बसते. तेथे नाही ते फक्त चंडीगडचे सरकार. शहराचा कारभार चालतो सेक्टर नऊमधून. ल कार्बुझिएने या संकुलात राज्यपालांसाठी एक प्रासादही आखला होता. तो लोकशाहीला शोभणारा नाही असे पंडित नेहरूंना वाटले आणि तो उभा राहिला नाही. पुढे गंमत अशी झाली की, 1984 पासून पंजाबचे राज्यपालच या शहराचे प्रशासक झाले. प्रासाद टळला, राज्यपालांची राजवट मात्र आली. या शहरातील सरकारी शाळांबाबत पालकांत जी खदखद आहे, तिचे मूळ शाळांच्या इमारतींत शोधून सापडणार नाही; ते या व्यवस्थेत आहे.

तात्कालिक कारण अकरावीच्या प्रवेशाचे. 2023 मध्ये चंडीगड प्रशासनाने ठरविले की, सरकारी शाळांतील अकरावीच्या 85 टक्के जागा शहरातीलच सरकारी शाळांतून दहावी झालेल्या विद्यार्थ्यांसाठी राहतील. उरलेल्या 15 टक्क्यांत खासगी शाळांतील मुले, मोहाली-पंचकुल्यातील मुले आणि अन्य राज्यांतून आलेली मुले, सगळी एकत्र. तेव्हा प्रशासकपदी होते नागपूरचे बनवारीलाल पुरोहित. निर्णयावर खासगी शाळांच्या पालकांतून ओरड झाली ती अपेक्षितच होती.

या निर्णयामागचा हेतू वाईट होता असे म्हणता येणार नाही. कार्बुझिएच्या आराखड्यात प्रत्येक सेक्टर सुमारे 800 बाय 1200 मीटरचा. मुलाने मोठा रस्ता न ओलांडता चालत शाळेत जावे ही त्यातील कल्पना. प्रत्यक्षात दोन चंडीगड तयार झाली. मधल्या सेक्टरांतील नामवंत ‘मॉडेल’ शाळांत विज्ञान व वाणिज्य शाखांसाठी झुंबड. आणि धनास, मलोया, मौली जागरण यांसारख्या वस्त्यांतील शाळांत गर्दी, शिक्षकांची वानवा. 2013 मध्ये कॉलनी क्रमांक पाच आणि 2022 मध्ये कॉलनी क्रमांक चार पाडली गेली. तेथील कुटुंबे शहराच्या कडेला गेली, तशी त्यांची मुलेही. दहावीपर्यंत खासगी शाळेत आणि शिकवणीत शिकलेला विद्यार्थी गुणवत्ता यादीत पुढे राहणार आणि शेवटच्या दोन वर्षांसाठी स्वस्त, चांगली सरकारी जागा घेणार. दहा वर्षे त्याच व्यवस्थेत काढलेली मजुराची मुलगी मात्र नको त्या शाखेत किंवा दूरच्या शाळेत ढकलली जाणार, हे अन्याय्यच होते. त्या मुलीला झुकते माप दिले म्हणून प्रशासनाला दोष देण्याचे कारण नाही.

दोष आहे तो टक्केवारीच्या आंधळेपणात. खासगी शाळेतून आलेला प्रत्येक विद्यार्थी संपन्न घरातला नसतो. शिक्षण हक्क कायद्याच्या 25 टक्के राखीव जागांतून खासगी शाळेत गेलेली मुले याच गरीब वस्त्यांतील आहेत. कायद्याचे छत्र आठवीनंतर संपते आणि अकरावीच्या दारात ही मुले धनिकांच्या रांगेत उभी केली जातात. कायद्याने ज्याला गरीब म्हणून खासगी शाळेत नेले, त्यालाच नियमाने खासगीवाला म्हणून बाहेर ठेवायचे, हा कोणता न्याय? दुसरा वर्ग स्थलांतरितांचा. बिहार, उत्तर प्रदेशातून आलेला बांधकाम मजूर असो की महाराष्ट्रातून बदलीवर आलेला कनिष्ठ कर्मचारी, त्याच्या मुलाची दहावी दुसऱ्या राज्यात झाली असेल तर तो 15 टक्क्यांत. केंद्रीय अधिकाऱ्याला निदान केंद्रीय विद्यालयाचा आधार असतो. मजुराला तोही नाही.

शिक्षकांचा प्रश्न याला जोडून येतो. 1966 च्या पुनर्रचनेपासून चंडीगडच्या सेवांत पंजाब आणि हरियाणा यांचा वाटा 60:40 धरला जातो आणि दोन्ही राज्यांतून प्रतिनियुक्तीवर शिक्षक येतात. एप्रिल 2022 पासून प्रशासनाच्या कर्मचाऱ्यांना केंद्रीय सेवाशर्ती लागू झाल्या. शिक्षकांना त्यांचे लाभ मिळाले. पंजाब विधानसभेने मात्र 1 एप्रिल 2022 रोजीच ठराव करून चंडीगड पंजाबला द्या ही जुनी मागणी पुन्हा मांडली. शिक्षकाची बदली, निवृत्तीचे वय किंवा रजा हा विषय या शहरात पाहता पाहता राजधानीच्या मालकीचा होतो. वर्गातील रिकाम्या खुर्चीबद्दल मात्र कोणत्याच सभागृहात ठराव होत नाही.

महाराष्ट्रातील अनुभव येथे ताडून पाहण्यासारखा आहे. 2025 मध्ये अकरावीची केंद्रीभूत ऑनलाइन प्रक्रिया राज्यभर लागू झाली आणि पहिल्याच दिवशी संकेतस्थळ कोलमडले. 2024 च्या फेब्रुवारीत सरकारी शाळेच्या एक किलोमीटर परिसरातील खासगी शाळांना शिक्षण हक्काच्या जागांतून सूट देणारी अधिसूचना निघाली. मुंबई उच्च न्यायालयाने ती जुलैमध्ये रद्द केली. महाराष्ट्राचा कारभार आदर्श आहे असे मुळीच नाही. पण तेथे मंत्र्याला विधिमंडळात उभे राहून उत्तर द्यावे लागते, आमदाराच्या दारात पालक जाऊन बसू शकतो. चंडीगडच्या पालकाने जावे कोठे? महापालिका आहे, पण महापौराची मुदत एक वर्षाची आणि उच्च माध्यमिक शाळा प्रशासनाच्या शिक्षण विभागाकडे. खासदार एकच. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक असावेत असे कायदा सांगतो. तोही आठवीपर्यंतच्या शिक्षणापुरता. अकरावीच्या पालकाला उरते ते न्यायालय, म्हणजे पुन्हा कॅपिटल कॉम्प्लेक्सच. एका शाळाप्रवेशासाठी वकील करावा लागणे ही कोणत्याही प्रशासनाला भूषणावह गोष्ट नव्हे.

नोव्हेंबर 2025 मध्ये चंडीगडला घटनेच्या 240 व्या कलमात आणणारे घटनादुरुस्ती विधेयक संसदेच्या कामकाजपत्रिकेत दिसले, पंजाबात वादळ उठले आणि हिवाळी अधिवेशनात असे विधेयक आणण्याचा विचार नाही, असा खुलासा गृह मंत्रालयाला करावा लागला. त्या गदारोळात पंजाबचा हक्क, हरियाणाचा दावा आणि केंद्राचा हेतू यांवर भरपूर बोलले गेले. शहरात राहणाऱ्या दहा लाखांहून अधिक माणसांना आपल्या शाळेच्या नियमांवर म्हणणे मांडण्याची सोय असावी, हा मुद्दा कोणीही लावून धरला नाही. अकाली दल, काँग्रेस, आम आदमी पक्ष, भाजप, सगळे यात सारखेच.

या तक्रारीवर उपाय करण्यासाठी घटनादुरुस्तीची गरज नाही. प्रवेशाचे नियम दहावीच्या परीक्षेपूर्वी मसुद्याच्या रूपाने प्रसिद्ध करावेत व हरकती मागवाव्यात. शिक्षण हक्काच्या जागांवर शिकलेल्या मुलांना 85 टक्क्यांत धरावे. बदलीवर किंवा मजुरीसाठी आलेल्या कुटुंबांच्या मुलांसाठी उरलेल्या जागांत वेगळा वाटा ठेवावा. आणि कोणत्या शाळेत कोणत्या शाखेची किती जागा कोणत्या गटाला गेली, हे दर वर्षी जाहीर करावे. यातील प्रत्येक गोष्ट सेक्टर नऊमध्ये, प्रशासकांच्या एका सहीने होण्यासारखी आहे.