रिमोट कुणाच्या हातात?

उन्हाळा जवळ आला की चिंचोळी एमआयडीसीतल्या आमच्या कॅन्टीनमध्ये एसीची चर्चा सुरू होते. किती टनाचा घ्यावा, किती स्टारचा, हप्ता किती बसेल. अलीकडे त्यात आणखी एका प्रश्नाची भर पडली आहे, "फोनवरून चालतो का?" मी इथल्या एका कारखान्यात यंत्रांवर देखरेख ठेवणारं सॉफ्टवेअर सांभाळतो. तापमान मोजायचं, ठरलेल्या आकड्याशी ताडायचं आणि त्यानुसार पंप किंवा पंखा चालू-बंद करायचा, हे माझं रोजचं काम. त्यामुळे सहकारी सल्ला विचारतात. माझं उत्तर असं की जरूर घ्या, उपयोगाचा आहे. पण घेण्याआधी घरात बसून तीन गोष्टी ठरवा. तो कुणाच्या वेळेप्रमाणे चालणार, किती तापमानावर चालणार आणि कुणाच्या ताब्यात राहणार. तिसरा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा आहे आणि दुकानात तो कुणीच विचारत नाही.

आधी यंत्र समजून घेऊ. एसी थंडी तयार करत नाही, खोलीतली उष्णता उचलून बाहेर टाकतो. तो एक प्रकारचा हीट पंपच आहे. दीड टन हे त्याचं वजन नव्हे. एक टन बर्फ २४ तासांत वितळायला जेवढी उष्णता लागते, तेवढी त्याच वेळात बाहेर काढण्याची क्षमता म्हणजे एक टन, साधारण साडेतीन किलोवॅट. आतला सेन्सर खोलीतून परत येणारी हवा मोजतो, आपण लावलेल्या आकड्याशी ताडतो आणि कॉम्प्रेसरला हुकूम देतो. हाच थर्मोस्टॅट. साध्या एसीचा कॉम्प्रेसर एक तर पूर्ण ताकदीनं चालतो, नाही तर बंद असतो. इन्व्हर्टर एसीत त्याचा वेग कमी-जास्त होतो. उन्हातून आल्यावर १६ वर लावला की खोली लवकर गार होते, हा समज चुकीचा आहे. साधा एसी २४ वर लावला तरी तेवढ्याच ताकदीनं चालतो. १६ वर लावला की तो थांबायचं नाव घेत नाही, एवढाच फरक.

अमेरिकेत २०११ साली 'नेस्ट' हा स्मार्ट थर्मोस्टॅट बाजारात आला. तो भिंतीवर बसतो आणि घरभर हवा पुरवणारी एकच मोठी यंत्रणा चालवतो. आपल्याकडच्या स्प्लिट एसीची रचना वेगळी. इथे 'स्मार्ट' म्हणजे एक तर वायफायवाला एसी, नाही तर रिमोटसारखे सिग्नल सोडणारी छोटी डबी. डबी स्वस्त पडते, पण ती हुकूम सोडते आणि एसीनं तो ऐकला की नाही, हे तिला सहसा कळत नाही. तिसरा मार्ग स्मार्ट प्लगनं चालत्या एसीची वीज तोडायचा. तो टाळाच. कॉम्प्रेसर बंद झाल्यावर त्याला काही मिनिटांची उसंत लागते. खरेदी करताना दुकानदाराला दोन प्रश्न विचारा. इंटरनेट गेलं तरी वेळापत्रक चालतं का? आणि वीज जाऊन परत आली की एसी आपोआप पूर्वीच्या आकड्यावर येतो का? वीज कधी जाईल याचा नेम नसलेल्या ठिकाणी या दोन प्रश्नांची उत्तरं रंगीत ॲपपेक्षा मोलाची आहेत.

आता पैशाचं गणित. दीड टनाचा एसी पूर्ण ताकदीनं चालला तर तासाला सुमारे दीड युनिट घेतो. रोज आठ तास, महिनाभर, म्हणजे ३६० युनिट. महावितरणच्या घरगुती दरांचे टप्पे १००, ३०० आणि ५०० युनिटला बदलतात आणि वरच्या टप्प्यातलं युनिट बरंच महाग असतं. म्हणून आकडा कुठे लावला याला किंमत आहे. ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोच्या हिशेबानं तापमान एक अंश वर नेलं की साधारण ६ टक्के वीज वाचते. याच ब्युरोच्या नियमानुसार १ जानेवारी २०२० पासून स्टार लेबलच्या एसीत सुरुवातीचा आकडा २४ असतो. जून २०२५ मध्ये केंद्रीय ऊर्जामंत्री मनोहरलाल खट्टर यांनी एसीला २० ते २८ अंशांची मर्यादा घालण्याचा मनोदय जाहीर केला. त्यावर बरीच चेष्टा झाली, पण २६-२७ वर एसी आणि सोबत छताचा पंखा हे मिश्रण बहुतेकांना पुरतं. फिरत्या हवेत तीच खोली दोन-तीन अंशांनी गार वाटते.

सोलापुरात त्याआधी छताकडे बघावं लागतं. जुन्या माळवदाच्या घरात जाड मातीमुळे दुपार सुसह्य व्हायची. आता पत्रा किंवा सिमेंटचा स्लॅब आहे. पत्रा दुपारी तापतो. स्लॅब दिवसभर उष्णता साठवतो आणि ती मध्यरात्रीपर्यंत आत सोडत राहतो. अशा छताखाली सर्वात हुशार थर्मोस्टॅटही ओंजळीनं विहीर उपसत बसतो. छतावर पांढरा उष्णतारोधक रंग, खिडकीवर बाहेरून पडदा किंवा ताडपत्री, दाराखालची फट बंद करणं, यांवरचा खर्च एसीच्या मानानं थोडा आहे. कूलर का नको, असं कुणी विचारेल. आपल्या कोरड्या उन्हाळ्यात कूलर उत्तम चालतो. पण तो पाणी पितो, आणि ज्या शहरात नळाला काही दिवसांआड पाणी येतं, तिथे ते पाणी कुणाच्या तरी डोक्यावरून येतं. बहुतेक वेळा ते डोकं घरातल्या बाईचं असतं.

इथून पुढचा प्रश्न यंत्राचा नाही, माणसांचा आहे.

एमआयडीसीतल्या घरांना दोन घड्याळं असतात. नाईट शिफ्ट करून आलेला माणूस सकाळी आठ-नऊला आडवा होतो आणि सोलापूरची सगळ्यात तापलेली दुपार हीच त्याची रात्र असते. अर्धवट झोपलेला माणूस रात्री यंत्रासमोर उभा राहतो, तेव्हा धोका फक्त त्याला नसतो. म्हणून वेळापत्रक लावताना पहिला हक्क या झोपेचा असला पाहिजे. यात पैसेही वाचू शकतात. महावितरणनं जुलै २०२५ पासून टीओडी मीटर असलेल्या घरगुती ग्राहकांना सकाळी ९ ते संध्याकाळी ५ या वेळेतल्या वापरावर युनिटमागे ८० पैशांपासून सवलत सुरू केली. दिवसा झोपणाऱ्याची वेळ नेमकी हीच आहे. ज्या घरात सगळे रात्री झोपतात, त्यांनी साडेचारच्या सुमारास खोली गार करून घ्यावी, दार लावून ठेवावं आणि रात्री आकडा एक-दोन अंश वर सरकवावा. पहाटे अंग थंड होतं, तेव्हा तेवढी गरज उरत नाही. हे काम ॲप माणसापेक्षा चांगलं करतं, कारण पहाटे चारला उठून रिमोट शोधायला कुणालाच नको असतं.

पण ॲपला हे कळत नाही की घरातल्या सगळ्यांची शरीरं सारखी नसतात. २०१५ साली 'नेचर क्लायमेट चेंज' या नियतकालिकात किंग्मा आणि व्हान मार्केन लिख्टेनबेल्ट या दोन संशोधकांनी दाखवून दिलं की ऑफिसांमधल्या तापमानाचं गणित साधारण ४० वर्षांच्या, ७० किलो वजनाच्या पुरुषाचं शरीर धरून मांडलेलं आहे. बायकांना त्याच खोलीत थंडी वाजते ती उगीच नाही. म्हाताऱ्या माणसांचं आणखी वेगळं. त्यांना घाम कमी येतो, तहान उशिरा लागते, आणि उकाडा धोक्याच्या पातळीला गेला तरी ते "ठीक आहे" म्हणतात. आपल्या घरांत मात्र एसी कमावत्या मुलाच्या खोलीत लागतो आणि आकडाही तोच ठरवतो. दुपारी स्वयंपाकघरातून घामाघूम होऊन बाहेर आलेली आई त्या खोलीत जाऊन पाच मिनिटं बसायलाही संकोचते.

स्मार्ट एसीनं यात एक भर घातली आहे. गेल्या मे महिन्यात सेकंड शिफ्टला एका सहकाऱ्यानं मला फोन दाखवला. घरचा एसी त्यानं इथे बसून बंद केला होता. "अम्मी दिवसभर चालू ठेवते, तिला बिलाचं कळत नाही," तो म्हणाला. बाहेर पारा चाळिशीच्या वर होता. त्याचा हेतू वाईट नव्हता, बिल तोच भरतो. पण खोलीतल्या माणसाला काय होतंय हे फोनवरचा आकडा सांगत नाही. पूर्वी रिमोटवरून भांडण व्हायचं, तेव्हा दोघं निदान एका खोलीत असायचे. आता एकाच्या हातात कळ आहे आणि दुसऱ्याला एसी का बंद पडला हेही समजत नाही. २०१८ साली 'न्यूयॉर्क टाइम्स'नं अमेरिकेतल्या अशा स्त्रियांबद्दल बातमी दिली होती, ज्यांचे जोडीदार थर्मोस्टॅट, कुलूप, दिवे फोनवरून चालवून त्यांना छळत होते. आपलं घर तसं नाही असं प्रत्येकाला वाटतं. पण बायको कितीला झोपली, एसी कधी लागला, घरात कोण होतं, याचा माग ठेवायची सोय त्याच ॲपमध्ये आहे. घरच्यांनी हिशेब द्यायचा आणि आपण घ्यायचा, ही सवय आपल्याकडे जुनीच आहे. तिला नवं यंत्र मिळालं आहे.

म्हणून माझं म्हणणं साधं आहे. एसी बसवाल त्या दिवशी ॲप आईच्या, बायकोच्या, बहिणीच्या फोनवरही टाका आणि त्यांना पाहुण्यासारखे नव्हे, तुमच्याइतकेच अधिकार द्या. ज्याच्याकडे स्मार्टफोन नाही, त्याच्यासाठी रिमोट खोलीतच, हात पोचेल अशा जागी ठेवा. वेळापत्रक सगळ्यांनी मिळून लावा आणि दर महिन्याचं बिल सगळ्यांसमोर वाचा. बिलाचं "कळत नाही" असं ज्यांच्याबद्दल म्हणतो, त्यांना ते आपण कधी दाखवलेलंच नसतं. आणि नियम एकच ठेवा. जो खोलीत आहे, त्याचा शब्द बाहेरच्याच्या शब्दापेक्षा वरचा.

आमच्या क्षेत्रात एक जुनी शिस्त आहे. यंत्र दुरून कितीही चालवता आलं, तरी यंत्राजवळ उभ्या असलेल्या माणसाच्या हाताशी एक लाल बटण असतं, आणि त्यानं ते दाबलं की कंट्रोल रूममधला कुणीही यंत्र दुरून परस्पर चालू करू शकत नाही. कारखान्यात ही शिस्त पाळणाऱ्या माणसाला ती घरी पाळणं अवघड जाऊ नये.