दारावरचा पहारेकरी

“आमच्या घरातून चोराने न्यावे असे आहे तरी काय?” हा प्रश्न पूर्वी दाराला कडी न लावणारा मनुष्य विचारीत असे, आज तो घरी संगणक वापरणारा मनुष्य विचारतो. बँकांनी, कचेऱ्यांनी व कारखान्यांनी आपल्या संगणकांवर पहारा ठेवावा, हे त्याला पटते. परंतु ज्या संगणकावर मुलांचा अभ्यास, घरची चार छायाचित्रे आणि विजेच्या बिलाचा भरणा एवढेच चालते, त्याला फायरवॉल कशाला हवी, असे त्याला वाटते. हा प्रश्न भाबडा असला, तरी हसण्यावारी नेण्याजोगा नाही.

फायरवॉल म्हणजे मुळात आग अडवणारी भिंत. एका घराची आग दुसऱ्या घरात पसरू नये म्हणून मध्ये जी जाड भिंत घालतात, तिचे हे नाव. संगणकातील फायरवॉल मात्र विटामातीची नसते. ती बहुधा एक आज्ञावली असते. इंटरनेटवरून येणारी माहिती लहान लहान पुडक्यांच्या रूपाने येते. पुडके कोठून आले, कोणत्या संगणकाकडे जायचे आहे आणि तेथील कितव्या क्रमांकाच्या दाराशी, हे त्यावर नोंदलेले असते. ही दारे म्हणजे नुसते क्रमांक. परंतु ते ६५,५३५ पर्यंत जातात. एवढ्या दारांवर माणसाने नजर ठेवणे अशक्य होय. ते काम फायरवॉल करते. घरातून कोणी काही मागवले असेल, तर त्याचे उत्तर ती आत सोडते. न बोलावता आलेल्यास ती बाहेरच थांबवते.

या पहाऱ्याचे मोल २००३ साली जगाला कळून आले. त्या वर्षीच्या ऑगस्ट महिन्यात ‘ब्लास्टर’ नावाची उपद्रवी आज्ञावली सर्वत्र पसरली. विंडोज प्रणालीतील एका दोषाचा फायदा घेऊन ती आत शिरे. कोणी फसवे पत्र उघडावे याचीही तिला गरज नव्हती. दोष न सुधारलेला संगणक इंटरनेटला जोडलेला असला की पुरे. मग चालता संगणक एकाएकी बंद पडून पुन्हा सुरू होई, आणि त्याच संगणकातून ती पुढचे घर शोधू लागे. घर श्रीमंताचे की गरिबाचे, हे ती पाहत नव्हती. ती केवळ उघडे दार पाहत होती. खेदाची गोष्ट ही की, विंडोज एक्सपीमध्ये तेव्हाही फायरवॉल होती. परंतु ती कोणी मुद्दाम चालू करीपर्यंत बंदच असे. ऑगस्ट २००४ मध्ये आलेल्या सुधारणेनंतर ती आपोआप चालू राहू लागली.

यावर काही जाणकार म्हणतात, की आता घराघरांत राउटर आहे आणि तोच बाहेरच्या अनाहूतांना अडवतो. मग संगणकात निराळी फायरवॉल कशासाठी? या म्हणण्यात तथ्य आहे. परंतु घरचा राउटर घरापुरताच. तोच संगणक वाचनालयात किंवा रेल्वे स्थानकावर नेऊन तेथील जाळ्याला जोडला, की घरचा पहारा मागे राहतो. शिवाय घरातलेच दुसरे एखादे यंत्र बिघडले, तर धोका उंबऱ्याच्या आतूनच येतो.

आणखी एक विचार याहून महत्त्वाचा आहे. चोराला घरातील वस्तूच हवी असते असे नाही. कधी त्याला लपून दगड मारण्यासाठी दुसऱ्याचे घर हवे असते. २०१६ साली ‘मिराई’ नावाच्या आज्ञावलीने लोकांचे कॅमेरे व राउटर ताब्यात घेतले. कारखान्यातून आलेला पासवर्ड मालकांनी बदललाच नव्हता. त्या वर्षीच्या ऑक्टोबरात अशाच यंत्रांकडून ‘डाइन’ या अमेरिकन कंपनीवर मारा झाला आणि अनेक मोठी संकेतस्थळे काही तास लोकांना उघडता येईनात. त्या कॅमेऱ्यांच्या मालकांचे फारसे काही गेले नसेल. परंतु त्यांच्या निष्काळजीपणाचा त्रास दुसऱ्यांना झाला. म्हणूनच आपले दार लावणे हे शेजारधर्माचेही काम आहे.

मात्र पहारेकरी आहे म्हणून घरधन्याने निश्चिंत झोपावे, असे नाही. फसव्या निरोपाला भुलून कोणी आपणच ओटीपी सांगितला, तर फायरवॉल काय करणार? रायगडाची हिरकणीची कथा येथे आठवते. गडाचे दरवाजे बंद असताना तान्ह्या बाळाच्या ओढीने ती गवळण अवघड कडा उतरून गेली; तेव्हा महाराजांनी तिचे कौतुक केले आणि त्या जागी बुरूज बांधविला, असे सांगतात. दरवाजे भक्कम आहेत एवढ्यावर समाधान न मानता, दिसलेली वाट तत्काळ बंद करणे हे शहाणपण होय. ब्लास्टरचा दोष दूर करणारी सुधारणा कंपनीने जुलै २००३ मध्येच दिली होती. परंतु पुष्कळांनी ती करून घेतली नव्हती.

तात्पर्य, घरच्या संगणकाला फायरवॉल हवीच. त्यासाठी बहुधा वेगळा पैसा खर्चावा लागत नाही. ती संगणकात असतेच. एखादा खेळ नीट चालत नाही म्हणून ती बंद न करणे आणि आलेल्या सुधारणा वेळेवर करून घेणे, एवढी दक्षता लहान मुलालाही घेता येईल.