हात तसा रिमोट

व्हिडिओ गेम म्हटलं की दोन्ही हातांत धरायचा, बटणांचा रिमोट डोळ्यांपुढे येतो. पण या खेळांसाठी चित्रविचित्र साधनंही निघाली. मासे धरायच्या खेळाला गळाची काठी, तालाच्या खेळाला ढोल. १९८९ मध्ये ‘पॉवर ग्लव्ह’ नावाचा हातमोजा आला. दिसायला झोकदार, पण खेळायला अवघड. तो फार टिकला नाही.

आपल्याकडे मुलांना माहीत झाली ती बंदूक. १९९० च्या दशकात टीव्हीला जोडायचे स्वस्त नकली गेम आले, त्यांच्याबरोबर ती यायची. भैंसा तेव्हा आदिलाबाद जिल्ह्यात होतं. निर्मल जिल्ह्यात गेलं २०१६ मध्ये. आमच्या घरीही संध्याकाळी बदकं उडायची, नेम चुकला की पडद्यावरचा कुत्रा हसायचा.

गंमत अशी, की त्या बंदुकीतून काहीच सुटत नाही. चाप ओढला की पडदा क्षणभर काळा होतो आणि बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटतो. नळीत प्रकाश ओळखणारा डोळा असतो. त्याला आधी अंधार, मग उजेड दिसला की नेम बसला! हा हिशेब जुन्या, जाड काचेच्या टीव्हीचा. आजच्या सपाट टीव्हीवर चित्र किंचित उशिरा उमटतं, म्हणून ती जुनी बंदूक तिथे चालत नाही.

माझ्या आतेभावाचा उजवा हात पोलिओने अधू होता. रिमोटला दोन्ही अंगठे लागतात, म्हणून तो नुसता बघत बसायचा. बंदूक आली आणि डाव्या हाताने तो आम्हा सगळ्यांना हरवू लागला. आजीही म्हणायची, “ती बटणं मला कळत न्हाईत, बंदूक दे इकडं!”

हीच गोष्ट पुढे मोठ्या कंपन्यांनी मनावर घेतली. २०१८ मध्ये मायक्रोसॉफ्टने ‘एक्सबॉक्स अडॅप्टिव्ह कंट्रोलर’ काढला. टेबलावर किंवा मांडीवर ठेवायची पाटी, तिच्यावर दोन मोठी गोल बटणं. मागे १९ खाचा. त्यांत पायाने दाबायचं बटण जोडा, नाहीतर कोपराने दाबायचं. सोनीचा ‘अ‍ॅक्सेस’ २०२३ मध्ये आला. तो गोल, तोही टेबलावर ठेवायचा.

खेळाला तुम्ही कन्नडमध्ये ‘आट’ म्हणता, आमचे तेलुगू शेजारीही ‘आट’च म्हणतात. घरातलं एखादं मूल त्या आटातून बाजूला बसत असेल, तर “तुला जमत नाही” म्हणण्याआधी त्याच्या हातात काय दिलंय ते बघा. डावखुऱ्याची कात्री, जाड दांड्याचा चमचा, शाळेतलं पेन, सगळ्यांना हेच लागू आहे. हात बदलता येत नाही. वस्तू बदलता येते.