रहस्यस्फोटानंतर काय?

कंपन्यांच्या गैरकृत्यांवरील न्यायालयीन रहस्यपटांची स्तुती चेन्नईतील आमच्या मराठी मंडळींत वारंवार ऐकू येते. टोनी गिलरॉय यांचा ‘मायकेल क्लेटन’ (२००७) हा अशा चित्रपटांतील अग्रगण्य. तो बुद्धिमान आहे, याविषयी वाद नाही. आमचा वाद आहे तो त्याने दिलेल्या समाधानाशी.

तणनाशक बनविणाऱ्या एका कंपनीला आपले उत्पादन माणसांच्या जिवावर उठले आहे हे ठाऊक असते. तसा एक गुप्त कागदही असतो. तो दडपण्यासाठी खून पडतो. अखेर नायक कंपनीच्या वकीलबाईंच्या तोंडून कबुली वदवितो आणि टॅक्सीत बसून निघून जातो. सत्य उघड झाले, म्हणजे न्याय झाला, अशा समजुतीने प्रेक्षकही सुखाने घरी जातो!

आमच्या तामिळनाडूतील कोडाईकनालचा इतिहास काही निराळेच सांगतो. तेथील ‘हिंदुस्थान लिव्हर’च्या थर्मामीटर कारखान्यातील पारायुक्त काच मार्च २००१ मध्ये एका भंगारवाल्याच्या आवारात सापडली. गुपित असे काही उरलेच नाही. त्याच वर्षी कारखाना बंद झाला. २००३ साली पाऱ्याने दूषित झालेला सुमारे २९० टन माल अमेरिकेस रवाना करण्यात आला. माजी कामगार मात्र २००६ साली मद्रास उच्च न्यायालयात गेले आणि त्यांच्यापैकी ५९१ जणांशी तडजोड झाली ती मार्च २०१६ मध्ये! रक्कम जाहीर झाली नाही. कामामुळे कोणाची प्रकृती बिघडल्याचा पुरावा नाही, हे कंपनीचे म्हणणेही कायम राहिले. मालाला वाट दोन वर्षांत मिळाली. माणसांना पंधरा वर्षे लागली.

या पंधरा वर्षांतले नाट्य अर्जांत, तारखांत आणि समित्यांच्या अहवालांत होते. आम्ही केंद्र सरकारच्या नोकरीत कारकुनी करतो. फाईल नाहीशी करण्यासाठी ती जाळावी लागत नाही, गठ्ठ्याच्या तळाशी ठेवली तरी पुरते, एवढे ज्ञान या पेशात कोणासही होते. रहस्यपटातील खलपुरुषांना ते नसावे, याचे नवल वाटते.

तारखांचा चित्रपट कोण पाहील, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर मराठीनेच देऊन ठेवले आहे. चैतन्य ताम्हाणे यांच्या ‘कोर्ट’मध्ये (२०१४) गटारात उतरून मेलेला एक सफाई कामगार आहे, त्याच्या मृत्यूपायी आरोपी ठरविलेला एक लोकशाहीर आहे, आणि तारखेमागून तारीख आहे. सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार त्यालाच लाभला.

तेव्हा आमची मागणी एवढीच. नायकाची टॅक्सी दिसेनाशी झाल्यावर न्यायालयाच्या व्हरांड्यात जे ताटकळत उरतात, त्यांची कथा सांगा. एक दुष्ट माणूस पकडला की सारे मिटले, असे शिकविणाऱ्या कलेची कोणत्याही कंपनीला धास्ती वाटण्याचे कारण नाही.